जस्ताचे गप्प अणू

अधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात माती तपासतात, हे जबलपुरात सर्वांना ठाऊक आहे. पण त्या तपासणीत पुंजसिद्धांत राबतो म्हटलं, की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

सिद्धांत उरकून घेतो. प्लांक १९००, बोर १९१३, श्रोडिंगर १९२६. अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल तेवढी ऊर्जा बाळगता येत नाही. ठरलेल्या पायऱ्या असतात आणि वर चढायला नेमक्या तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश लागतो. बस्स.

आता माझं लाडकं जस्त. चिमूटभर मीठ ज्योतीत पडलं की ती पिवळीधमक होते, कारण सोडियमचा सर्वांत बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन थोडक्या उष्णतेनेही चढतो आणि उतरताना ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश टाकतो. जस्ताच्या बाहेरच्या कक्षेत मात्र इलेक्ट्रॉनांची घट्ट जोडी. तिच्यातल्या एकाला चढवायला २१३.९ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश हवा. सुमारे २३०० अंशांच्या ॲसिटिलीन ज्योतीत सोडियमच्या दहा हजार अणूंमागे एखादा तरी चढलेला सापडतो. जस्ताच्या अब्जात एकही नाही. आणि बुन्सेन-किर्खहॉफपासून जवळजवळ शतकभर रसायनज्ञ बहुतेक ज्योतीतून बाहेर पडणारा प्रकाशच मोजत बसले!

१९५२ साली मेलबर्नमध्ये ॲलन वॉल्श यांना रविवारी बागेत काम करताना सुचलं, की आपण उलटं बघतोय. बहुसंख्य अणू खालीच बसलेले असतात, तर त्यांनी गिळलेला प्रकाश मोजावा. सोमवारी सकाळी सोडियमच्या दिव्यावर प्रयोग करून त्यांनी ते सिद्धही केलं. नोबेल त्यांना मिळालं नाही. मला विचाराल तर मिळायला हवं होतं.

खरी गंमत दिव्यात आहे. अणू गिळतो ती रेघ नॅनोमीटरच्या काही हजारांश भागाइतकी अरुंद. साध्या दिव्याच्या पसरट उजेडातून एवढंसं कमी झालेलं कळणार कसं? म्हणून दिव्याचा ऋणाग्रच जस्ताचा करतात: जस्ताचा प्रकाश जस्तच ओळखतं. तांब्यासाठी तांब्याचा, लोहासाठी लोहाचा दिवा. असा दिवा हातात घेऊन बघितला, तेव्हा मी बराच वेळ तो परत द्यायलाच तयार नव्हतो.

मातीतून जस्त काढायची तऱ्हाही इलेक्ट्रॉनांचीच. दहा ग्रॅम मातीत डीटीपीए या रसायनाचं वीस मिलिलिटर द्रावण घालून दोन तास हलवतात. डीटीपीए आपल्या इलेक्ट्रॉनजोड्या देऊन जस्ताला धरून ठेवतं. ही पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये मांडली. गाळलेलं द्रावण ज्योतीत फवारायचं आणि दिव्याचा प्रकाश किती घटला ते वाचायचं. किलोमागे ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी जस्त निघालं, तर माती सहसा जस्ताला भुकेली समजतात.

थोडं आडवळण. भाताच्या पानांवर गंजासारखे डाग पाडणारा ‘खैरा’ तराईत शेतकऱ्यांना छळत होता. पंतनगरचे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं, की त्यामागे जंतू नाही, जस्ताची कमतरता आहे. नेने स्वतः वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. आपल्या विद्येबाहेरचं कारण शोधायला मोठं मन लागतं.

अधारतालला सोयाबीन-गव्हावर १९७२ पासून दीर्घकालीन खतप्रयोग चालू आहे. काळ्या मातीतून पीक काय काय उचलतं, ते अशा प्रयोगात वर्षानुवर्षांच्या नोंदींतून कळतं. जस्त कमी पडलं, तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट घालण्याची शिफारस सर्रास केली जाते, आणि त्याचा गुण एका हंगामात संपत नाही.