वारस नसलेली थडगी

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तर टोकाला, गोल्डन गेट पुलाच्या अलीकडे, प्रेसिडिओ ही जुनी लष्करी छावणी आहे. स्पॅनिश सैनिकांनी १७७६ मध्ये ती वसवली. १८४६ पासून ती अमेरिकी लष्कराकडे होती आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानात सामील झाली. या छावणीत, घोडदळाच्या विटांच्या जुन्या तबेल्यांजवळ, लाकडी पट्ट्यांच्या पांढऱ्या कुंपणाआड चारशेहून अधिक छोटी थडगी आहेत. कुत्री आणि मांजरे तिथे सर्वांत जास्त. त्यांच्या सोबतीला पक्षी, ससे, हॅमस्टर आणि सरडेसुद्धा. छावणीत राहणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबांनी आपले पाळीव सोबती इथे पुरले.

दफनभूमीची सुरुवात १९५०च्या दशकातली. छावणीचे तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जोसेफ स्विंग यांनी तिला परवानगी दिली, असे सांगितले जाते. त्याआधीच्या काळात इथे घोडदळाचे घोडे किंवा पहाऱ्याचे कुत्रे पुरले जात, अशाही कथा आहेत. त्यांना आधार मात्र सापडलेला नाही. फलक पाहिले की त्यांच्यामागची माणसे कळतात. अनेक फलक जवळच्याच सैनिकी दफनभूमीतल्या फलकांच्या धर्तीवर बनवलेले आहेत. प्राण्याचे नाव, जन्म-मृत्यूचे वर्ष आणि खाली मालकाचे नाव हुद्द्यासकट. काही ठिकाणी जन्मस्थानही दिले आहे: चीन, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जर्मनी. बापाची बदली होईल तिकडे घर हलायचे आणि घराबरोबर कुत्रे-मांजरही समुद्र ओलांडायचे. शाळा आणि मित्र दर दोन-तीन वर्षांनी सोडणाऱ्या मुलांना तेवढा एक सोबती कायमचा असे. एका फलकावर फक्त इतकेच लिहिले आहे की हा लष्करातला प्राणी होता आणि त्याने आपली नोकरी पुरी केली.

ज्या बदल्यांमुळे हे प्राणी इथवर आले, त्याच बदल्यांनी त्यांची थडगी पोरकी केली. माणसाच्या थडग्याला वारस असतात. मुले येतात, नातवंडे येतात, निदान एखादा दूरचा नातलग चौकशी करतो. प्राण्याच्या थडग्याची ओढ एकाच पिढीला असते. ती पिढी दुसऱ्या गावी गेली किंवा संपली की तिथे फूल ठेवणारे कोणी उरत नाही. कागदोपत्रीही हा प्राणी कोणाचा नसतो. माणसांच्या दफनभूमीला बहुतेक देशांत कायद्याचे संरक्षण असते, तसे प्राण्यांच्या जागेला क्वचितच मिळते. प्रेसिडिओमध्ये त्यात हवामानाची भर पडली. समुद्रावरून येणारे धुके लाकूड ओले ठेवते. मातीत रोवलेला भाग आधी कुजतो, रंगाने लिहिलेली नावे उडतात आणि फलक कलंडतो. लष्कराचा मुक्काम हलण्याच्या कितीतरी आधी तण वाढले होते आणि कुंपण मोडले होते.

पहिली डागडुजी एका माणसाने केली. १९७०च्या दशकात नौदलातल्या एकाने, कोणी न सांगता, फलक पुन्हा रंगवले आणि कुंपण दुरुस्त केले, असे सांगतात. त्याचे नाव नोंदले गेलेले नाही. या दफनभूमीच्या इतिहासात त्याच्याइतकी मोठी व्यक्ती दुसरी नाही. त्याने फलकांवर रंग चढवला नसता, तर पुढच्या लोकांना जपण्यासाठी हाती फार थोडी नावे लागली असती.

त्यानंतरचे संकट डोक्यावरच उभे होते. गोल्डन गेट पुलाकडे जाणारा डॉइल ड्राइव्ह हा १९३०च्या दशकातला रस्ता उंच खांबांवरून जाई आणि दफनभूमी त्याच्या सावलीत होती. भूकंपाच्या दृष्टीने हा रस्ता धोकादायक ठरला. तो पाडून नवा प्रेसिडिओ पार्कवे बांधण्याचे काम २००९च्या अखेरीस सुरू झाले. हजारो टन काँक्रीट आणि पोलाद वरून उतरवताना खालची चिमुकली थडगी चिरडली जाण्याची भीती खरी होती. ती हलवण्यात आली नाहीत. जागा कुंपणाने बंद करून तिच्यावर संरक्षक आच्छादन घालण्यात आले आणि काम संपेपर्यंत ती तशीच झाकून राहिली. नवा रस्ता २०१५ मध्ये पूर्ण सुरू झाला. सार्वजनिक बांधकामाच्या आराखड्यात पोपट आणि मांजरांच्या थडग्यांची दखल घेतली जावी, ही साधी गोष्ट नव्हे.

पुढे देखभालीची जबाबदारी ‘स्वॉर्ड्स टू प्लोशेअर्स’ या संस्थेने स्वीकारली. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांनी १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन केलेली ही संस्था माजी सैनिकांना घर, काम आणि कायदेशीर मदत मिळवून देते. छावणीतल्या प्राण्यांची थडगी माजी सैनिकांच्या हाती यावीत, यापेक्षा योग्य वारस सापडले नसते. तिथे आता नवे दफन होत नाही. जे आहे तेवढे टिकवणे, हेच काम आहे.

असे काम वरवर पाहता साफसफाईचे वाटते, पण घाईची साफसफाईच अशा जागांचे सर्वांत जास्त नुकसान करते. म्हणून जाणकार सुरुवात खुरप्याने करत नाहीत. आधी प्रत्येक फलकाचे छायाचित्र घेतले जाते, त्याला क्रमांक दिला जातो आणि नकाशावर त्याची जागा टिपली जाते. पुसट अक्षरे वाचायला आरशाने बाजूने तिरपा उजेड पाडतात. खाचांत सावली बसली की नाव उमटते. तण उपटताना मुळांसकट ओढले, तर मातीत दबलेला दगड फुटू शकतो, म्हणून रोपटी जमिनीलगत कापतात. संगमरवराला आम्ल चालत नाही, कारण तो विरघळतो. ब्लीच आणि तारेचा ब्रशही वर्ज्य असतात. दगड आधी पाण्याने भिजवून, मऊ ब्रशने, खालून वर घासत जातात, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. लाकडी फलकाचा निर्णय अवघड असतो. कुजलेला फलक बदलावा लागतोच, पण नव्यावर जुनीच अक्षरे, जुन्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट उतरवायला हवीत. एखाद्या मुलाने आपल्या हाताने लिहिलेले नाव ‘सुधारण्याचा’ हक्क कोणालाच नाही.

थडगी विसरली जाण्याची आणि एकाच माणसाने ती परत मिळवण्याची हीच गोष्ट प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर युद्धाच्या संदर्भात घडली. जुलै १९४४ मध्ये अमेरिकी मरीन सैनिक तिथे उतरले, तेव्हा त्यांच्यासोबत डोबरमन आणि जर्मन शेफर्ड जातीचे प्रशिक्षित कुत्रे होते. ते दबा धरलेल्या शत्रूची चाहूल देत आणि गुहा शोधून काढत. पंचवीस कुत्रे या मोहिमेत मारले गेले. युद्धानंतर सैनिकांचे अवशेष मायदेशी हलवण्यात आले, कुत्रे मात्र बेटावरच राहिले. त्यांच्या तुकडीचे अधिकारी आणि पशुवैद्य विल्यम पटनी १९८९ मध्ये परत गेले, तेव्हा दफनभूमी झाडोऱ्यात हरवली होती. त्यांनी पाठपुरावा करून ती नौदलाच्या तळावर नव्याने वसवून घेतली. बेटाच्या मुक्तीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २१ जुलै १९९४ रोजी, तिथे शिल्पकार सुझन बहारी यांनी घडवलेल्या डोबरमनच्या पुतळ्याचे अनावरण झाले. चौथऱ्यावर पंचवीसही नावे कोरलेली आहेत.

तरीही ध्यास घेतलेल्या एखाद्यावर सगळे सोपवणे धोक्याचेच. तो थकला की तण परत येते. पॅरिसजवळच्या आनिएर इथली प्राण्यांची दफनभूमी या बाबतीत बरीच पुढे गेली. मेलेली जनावरे सेन नदीत फेकली जाऊ नयेत, म्हणून फ्रान्समध्ये १८९८ मध्ये दफनाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी वकील जॉर्ज आरम्वा आणि पत्रकार मार्गरीत द्यूराँ यांनी ही जागा सुरू केली. १९८७ मध्ये चालवणाऱ्या कंपनीने ती बंद करण्याचे ठरवले, तेव्हा लोकांनी विरोध केला आणि सरकारने तिला संरक्षित स्थळ ठरवले. दहा वर्षांनी स्थानिक नगरपालिकेने तिचा कारभार हाती घेतला. तिथे आजही पाळीव प्राणी पुरले जातात.