दोनच तर लेकरे!

“फादर, दोनच तर लेकरे, त्यांतले एक देवाला कसे द्यावे?” पाचारणाचा विषय निघाला की पुष्कळ माता असे विचारतात. हा प्रश्न खोटा नव्हे. दोन्ही लेकरांना कुशीत घेऊन जी निजते, तिलाच घर रिते होण्याचे भय ठाऊक!

या मातांना उज्जैनच्या दोन लेकरांची कथा सांगावीशी वाटते. इसवी सनापूर्वी ३ ऱ्या शतकात राजपुत्र अशोक क्षिप्राकाठच्या त्या नगरीचा कारभार पाही. तेथे त्याला महेंद्र झाला व २ वर्षांनी संघमित्रा, असे ‘महावंस’ हा लंकेचा प्राचीन ग्रंथ सांगतो. त्यांची माता देवी ही विदिशेच्या एका व्यापाऱ्याची कन्या. २० व १८ वर्षांची होताच दोघांनीही बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि पुढे दोघेही धर्मकार्यासाठी लंकेस गेली. निघण्यापूर्वी महेंद्र विदिशेस आईच्या भेटीला आला, तेव्हा तिने स्वहस्ते रांधून त्याला जेवू घातले.

त्यांचा धर्म निराळा. मातेचे काळीज मात्र तेच. पवित्र शास्त्रातील हन्नानेही बाळ शमुवेलला देवाच्या मंदिरी ठेवले, आणि दरवर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. देवाला दिलेले मूल आईला पारखे होत नाही.

मातापित्यांनो, कोणाला कोणते पाचारण, हे देव जाणे. बळजबरी करू नका, आणि आडही येऊ नका. आज सायंकाळी जपमाळेच्या वेळी थोरला जांभया देईल, धाकटी मणी ओढील. रागावू नका. दोघांच्या मस्तकी हात ठेवून एवढेच म्हणा, “प्रभो, ही तुझीच ठेव आहे.”