नऊ तासांची शिल्लक

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडहून सायकलवर निघाले. जायचे होते पूर्वेच्या ॲनापोलिसला. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत नऊ दिवस. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या स्पर्धेत एक बंधू सायकल चालवीत असे, तेव्हा दुसरा गाडीत जेवून घेई, जमेल तेवढी झोप घेई. घड्याळ मात्र अहोरात्र चालूच.

वाळवंटाच्या झळा सोसून पुढे रॉकी पर्वत. तेथील वुल्फ क्रीक खिंड सुमारे ३,३०० मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट! विरळ हवेत श्वास अपुरा पडतो. नंतरचे कॅन्ससचे सपाट मैदान सुखाचे वाटावे, तर तेथे आडवा वारा. आणि थकलेल्या पायांपुढे अखेरीस ॲपलेशियन डोंगरांचे उभे चढ. कसारा घाट अंगवळणी पडलेल्यालाही हा क्रम निर्दय वाटावा.

बंधूंनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. मुदतीतून उरले जेमतेम नऊ तास. ही स्पर्धा पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला.

एकट्याने हे अंतर कापण्याचा प्रयत्न नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१६ मध्ये केला. तो अपुरा राहिला. खर्च, रजा, सराव, सहायकांची जुळवाजुळव सारे पुन्हा मांडून ते २०१७ मध्ये परत गेले. या वेळी ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांनी ते ॲनापोलिसला पोहोचले.