दोष नात्याचा की जनुकाचा?

पाळीव सापांच्या रंगांवरून एक वाद नेहमी पेटतो. एक बाजू म्हणते, ‘रंगासाठी भावंडांची जोडी लावता, म्हणून पिल्लं सदोष निघतात.’ दुसरी म्हणते, ‘नवं रक्त आणलं की झालं!’ गंमत म्हणजे यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेत.

आफ्रिकेतला बॉल पायथन घ्या. त्याचा अल्बिनो रंग अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या हव्यात. हाताशी एकच अल्बिनो असेल, तर त्याची पिल्लं आपसात किंवा त्याच्याशीच जुळवावी लागतात. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीतून येण्याची शक्यता 25 टक्के. मग रंगासोबत लपलेले इतर दोषही उघडे पडू शकतात. इथे नवं रक्त खरंच उपयोगी.

‘स्पायडर’ प्रकाराला मात्र एकच प्रत पुरते. बिननात्याच्या साध्या सापाशी जोडी लावली, तरी साधारण निम्मी पिल्लं स्पायडर निघतात. आणि त्यांचं डोकं डुगडुगतं, तोल जातो. 2022 साली स्टार्क आणि सहकाऱ्यांना या सापांच्या आतल्या कानात, तोल सांभाळणाऱ्या भागातच, रचनेचे दोष आढळले. नवं रक्त आणूनही दोष रंगाची पाठ सोडत नाही. म्हणजे तो नात्यातून नाही, रंगाच्या जनुकातूनच (किंवा अगदी शेजारच्या) येतो. इथे उपाय एकच: त्या रंगाची पैदास थांबवणं.

संशोधनाला बसताना हे लक्षात ठेवा. दोन कारणं समोर असली, की आधी विचारा: कोणत्या संकरात दोघांची उत्तरं वेगळी येतील?