इंजिन बंद पडल्यावर विमान काय करतं?

नकाशावर जुहूपासून बळ्ळारीपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढा. ती वडूजच्या आसपास सातारा जिल्हा ओलांडते आणि कवठे महांकाळ-जतकडून कर्नाटकात शिरते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली ती याच दिशेने. कराचीहून टपाल मुंबईला आणलं जे. आर. डी. टाटांनी, पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं नेव्हिल व्हिंटसेंट यांनी. ‘पस मॉथ’ जातीच्या त्या विमानाला एकच इंजिन, १२० अश्वशक्तीचं. रेडिओ नाहीच.

माण-खटावच्या माळावर ते एकुलतं इंजिन बंद पडलं असतं तर?

विमान दगडासारखं कोसळलं नसतं. पंखांना तोलून धरते ती त्यांच्यावरून वाहणारी हवा. इंजिनाचं काम फक्त वेग पुरवण्याचं. वेग दुसरीकडूनही मिळवता येतो. वैमानिक नाक खाली झुकवतो आणि उंची मोडून वेग घेतो, खंबाटकी घाट उतरताना पेडल न मारता सायकल धावते तसा. एक किलोमीटर उंचीवरून असं हलकं विमान साधारण आठ-दहा किलोमीटर तरंगत जातं. हाताशी चार-पाच मिनिटं उरतात, आणि तेवढ्यात किती गोष्टी करता येतात!

आधी वेग सांभाळायचा. मग शेत निवडायचं: विहिरी, बांध टाळून, नांगराच्या तासांच्या दिशेने. धूर किंवा धूळ कुठे जाते यावरून वारा ओळखायचा आणि त्याच्या समोरून उतरायचं, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी होतो. उतरता उतरता पेट्रोलचा कॉक आणि मॅग्नेटोचे स्विच तपासायचे. मॅग्नेटो इंजिनाबरोबर फिरून स्वतःच ठिणगीपुरती वीज तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पाडणारे दोन प्लग, आणि मॅग्नेटोही दोन. एक गेला तरी थोडी ताकद कमी होऊन इंजिन चालत राहतं.

पस मॉथची मला सर्वांत आवडणारी युक्ती पायात आहे. हे विमान इतकं छान तरंगायचं की निवडलेलं शेत ओलांडून पुढे जाण्याचीच भीती. म्हणून चाकांच्या दांड्यांवरची रुंद आवरणं काटकोनात वळवता यायची. ती वाऱ्याला आडवी झाली की हवेतच ब्रेक!

साध्या प्लगवाचून विमान कसं अडतं, हे भारत-इंग्लंड उड्डाणाच्या १९३०च्या आगाखान स्पर्धेत दिसलं. १७ वर्षांचे अस्पी इंजिनिअर प्लगअभावी इजिप्तमधल्या अबुकीरला अडकले होते. उलट दिशेने आलेल्या जे. आर. डीं.नी, स्वतः त्याच शर्यतीत असून, आपल्याकडचे जादा प्लग त्यांना दिले. अस्पी जिंकले आणि १९६० मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले.

इंजिनाविना उतरण्याचा हा धडा आजही प्रत्येक शिकाऊ वैमानिक गिरवतो. शिक्षक इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल मुद्दाम मागे ओढतात आणि विद्यार्थ्याला शेत शोधायला लावतात. आकाशातल्या छोट्या विमानाचा आवाज कधी अचानक मंदावला, तर त्याचं नाक किंचित झुकतं का, ते जरूर बघा.