आठवणीतला सिनेमा आणि नवा सिनेमा : ‘स्टार वॉर्स’च्या निमित्ताने

आज आपण एका भांडणाबद्दल बोलणार आहोत. वर्षानुवर्षं चालणाऱ्या चित्रपटमालिकांचे चाहते हे भांडण हमखास भांडतात. एक गट म्हणतो, ‘पूर्वीची मजा राहिली नाही.’ दुसरा म्हणतो, ‘तेच तेच किती वेळा दाखवणार?’ गंमत म्हणजे, पुष्कळदा एकच माणूस ही दोन्ही वाक्यं बोलतो, आणि तीही एकाच सिनेमाबद्दल.

उदाहरण म्हणून आपण ‘स्टार वॉर्स’ घेऊ. १९७७ साली सुरू झालेली ही मालिका अजून चालू आहे आणि या भांडणाच्या जवळजवळ सगळ्या अवस्था तिच्यात सापडतात. ज्यांनी एकही भाग पाहिला नसेल त्यांचं काही अडणार नाही. लागेल तेवढी गोष्ट आपण सांगत जाऊ.

दोन प्रकारची ओढ

नॉस्टॅल्जियासाठी मराठीत दोन शब्द वापरले जातात : स्मरणरंजन आणि गतकातरता. पहिल्यात सुख आहे, दुसऱ्यात दुखणं आहे. मूळ शब्द दुखण्याचाच. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या अभ्यासकाने घरापासून लांब राहणाऱ्या स्विस लोकांच्या आजारासाठी तो घडवला. पुढे २००१ मध्ये स्वेतलाना बॉइम या अभ्यासिकेने या ओढीचे दोन प्रकार सांगितले. एका प्रकारात माणसाला हरवलेलं घर जसंच्या तसं पुन्हा बांधायचं असतं. दुसऱ्या प्रकारात ते घर आता नाही हे त्याने मान्य केलेलं असतं, आणि त्या नसण्याबद्दल तो विचार करत राहतो. हा फरक लक्षात ठेवूया, पुढे उपयोगी पडेल.

मूळ सिनेमा तरी नवा होता का?

चाहते ज्याला ‘अस्सल’ म्हणतात तो १९७७ चा सिनेमा स्वतःच स्मरणरंजन होता. जॉर्ज लुकास यांना लहानपणी पाहिलेल्या ‘फ्लॅश गॉर्डन’ या मालिकापटावर सिनेमा करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःची गोष्ट रचली. पडद्यावर खालून वर सरकत जाणारी सुरुवातीची ती प्रसिद्ध अक्षरं जुन्या मालिकापटांतूनच आलेली. दोन क्षुल्लक पात्रांच्या नजरेतून मोठ्या लढाईची गोष्ट सांगायची कल्पना अकिरा कुरोसावांच्या १९५८ च्या ‘द हिडन फोर्ट्रेस’मधली. तिथे दोन शेतकरी होते, इथे दोन यंत्रमानव आले.

मग नवं काय होतं? नवं होतं ते करण्याची रीत. त्यासाठी १९७५ मध्ये लुकास यांनी ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ही कार्यशाळाच उभी केली. तिथे जॉन डायक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी संगणकाने हलणारा कॅमेरा बनवला. एकच हालचाल हवी तितक्या वेळा तंतोतंत परत करता येऊ लागली आणि छोट्या प्रतिकृतींची विमानयुद्धं खरी वाटू लागली. शिवाय यानं मळकी, ठोकळलेली, तेलाचे डाग पडलेली दाखवली. भविष्य असं वापरलेलं दिसू शकतं, हेच तेव्हाच्या प्रेक्षकाला ताजं वाटलं.

म्हणजे मुळातच दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. ‘स्मरणरंजन की नवता’ हा सवालच थोडा चुकीचा मांडला जातो. खरा सवाल असा की, जुनं कशासाठी वापरलंय?

कर्ता विरुद्ध चाहता

१९८८ मध्ये लुकास अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे गेले होते. कृष्णधवल सिनेमे रंगीत करून विकले जात होते, त्याविरुद्ध ते बोलले. कलाकृतीत अशी ढवळाढवळ म्हणजे सांस्कृतिक वारशाची हानी, असं त्यांचं म्हणणं. नऊच वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांनी स्वतःचे तीन सिनेमे बदलून पुन्हा प्रदर्शित केले. एका प्रसंगात हान सोलो हा तस्कर समोरच्याला आधी गोळी घालतो. नव्या आवृत्तीत समोरचाच आधी गोळी झाडतो. फरक क्षणभराचा, पण बेरकी माणूस हळूहळू चांगला होतो ही त्याची सगळी गोष्ट त्या क्षणावर उभी होती. ‘हाननेच आधी गोळी घातली’ असे टी-शर्ट निघाले. काही चाहत्यांनी जुन्या प्रिंट मिळवून मूळ रूप स्वतःच जुळवून काढलं.

आपल्याला वाटतं, चाहता हटवादी असतो आणि कलावंत पुढे जाऊ पाहतो. इथे चाहते जतन करत होते आणि कर्ता पुसत होता. तरी लुकास यांची बाजूही साधी नाही. त्यांच्या मते सिनेमा तेव्हाच्या तंत्रामुळे अपुरा राहिला होता, आणि आपलं काम पुरं करण्याचा हक्क कर्त्याला असतोच की!

चाळीशीतलं भांडण

१९९९ मध्ये, सोळा वर्षांच्या खंडानंतर, ‘द फँटम मेनेस’ आला. व्यापारकर, संसदेतली भाषणं, लोकशाही स्वतःहून हुकूमशहाच्या हाती कशी जाते याची सुरुवात : विषय खरोखर नवा होता. पूर्ण संगणकावर घडवलेलं जार जार बिंक्स हे पात्र तंत्राच्या दृष्टीने मोठी झेप होती. जुन्या चाहत्यांनी त्याची यथेच्छ टवाळी केली. पण तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली मुलं मोठी झाली आणि आज तोच सिनेमा जिव्हाळ्याने आठवतात. स्मरणरंजनाला दर्जाशी फारसं देणंघेणं नसतं. ते वयाशी बांधलेलं असतं.

२०१२ मध्ये डिस्नेने सुमारे चार अब्ज डॉलरना लुकासफिल्म विकत घेतली. २०१५ चा ‘द फोर्स अवेकन्स’ जपून केलेला : पुन्हा वाळवंटी ग्रह, पुन्हा गुपित घेऊन फिरणारा यंत्रमानव, पुन्हा ग्रह उडवणारं अस्त्र. जगभरात त्याने दोन अब्ज डॉलरहून जास्त कमावले. मग २०१७ मध्ये रायन जॉन्सन यांच्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये ल्यूक स्कायवॉकर आपली जुनी तलवार हातात घेतो आणि खांद्यावरून मागे फेकून देतो. नायिका रे हिचे आईबाप कोणी थोर नाहीत, असंही कळतं. बॉइमच्या भाषेत, हा दुसऱ्या प्रकारचा सिनेमा. पहिल्या प्रकारच्या चाहत्यांना तो अपमान वाटला. २०१९ च्या भागाने माघार घेतली : रे थेट जुन्या सम्राटाची नात निघाली. दोन्ही बाजूंना खूश करायला गेलेला तो सिनेमा कोणालाच पुरता आवडला नाही.

किंमत कोण मोजतं?

हे सगळं गमतीचं वाटत असेल तर इथे थोडं थांबूया. रोझ ही भूमिका करणाऱ्या केली मरी ट्रॅन यांना इतका वांशिक आणि स्त्रीद्वेषी छळ सोसावा लागला की २०१८ मध्ये त्यांनी इन्स्टाग्रामवरून आपल्या पोस्ट काढून टाकल्या. पुढच्या सिनेमात त्यांची भूमिकाही अगदी छोटी झाली. जार जार साकारणारे अहमद बेस्ट यांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितलं, की १९९९ नंतरच्या टवाळीने ते जीव देण्याच्या विचारापर्यंत पोचले होते. २०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’मध्ये ते जेडाय योद्धा म्हणून परतले तेव्हा चाहत्यांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं. पण मधली वीसेक वर्षं परत येत नाहीत.

सिनेमा आवडला नाही, हे मत झालं. ‘माझं बालपण यांनी बिघडवलं’ म्हणताना मात्र आपण पडद्यावरच्या गोष्टीचा हिशेब हाडामांसाच्या माणसाकडून वसूल करत असतो. बालपण संपलं ते वयामुळे, त्यात त्या नटाचा काय दोष?

मग वाट कोणती?

२०२२ मध्ये आलेल्या ‘अँडोर’ मालिकेत प्रकाशतलवारी नाहीत, भाकितं नाहीत. हुकूमशाहीत सामान्य माणूस केव्हा गप्प बसतो आणि केव्हा उठतो, एवढाच प्रश्न आहे. पण मळकी यानं, पांढरे चकचकीत सरकारी बोळ, तो काळ, हे सगळं १९७७ चंच. ओळखीच्या घरात बसून अनोळखी प्रश्न विचारलेला आहे. कदाचित म्हणूनच जुन्या-नव्या दोन्ही चाहत्यांना ती आपली वाटली.

शेवटी श्रोत्यांमधून एक प्रश्न आला : ‘सर्वांना आवडेल असा पुढचा भाग निघूच शकत नाही का?’ आमचं उत्तर असं. आपल्याला हवा असतो तो सिनेमा नव्हे, तो पहिल्यांदा पाहतानाचे आपण. ते कोणताही दिग्दर्शक देऊ शकत नाही. पण घरातल्या एखाद्या लहान मुलाशेजारी बसून नवा भाग पाहिला, तर त्याच्या बाबतीत ते घडताना बघता येतं. त्या वेळी मात्र ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य गिळायचं. तेवढं पथ्य पाळूया.