लिंकमागची दलाली

मिक्सर घ्यायचा म्हणून तुम्ही एखाद्या ताईचा व्हिडिओ पाहता. महिनाभर चटण्या वाटून भांडं नेमकं कुठे गळतं, ते तिने दाखवलेलं असतं. तुम्ही खालच्या लिंकवर बोट ठेवता आणि ब्राउझरमध्ये ‘कुकी’ नावाची बारीकशी नोंद पडते: गिऱ्हाईक कोणी पाठवलं याची. तुम्ही खरेदी केलीत की ताईला कमिशन मिळतं. हेच अफिलिएट मार्केटिंग. अमेझॉनने आपला असा कार्यक्रम 1996 मध्ये सुरू केला.

अमेझॉनची ही नोंद 24 तास चालते. वस्तू कार्टमध्ये न टाकता, घरी विचारून तिसऱ्या दिवशी परस्पर घेतलीत, तर ताईच्या हाती काहीच पडत नाही. कमिशनचे दरही कंपनी एकतर्फी बदलते. एप्रिल 2020 मध्ये, ऐन टाळेबंदीत, अमेरिकेत फर्निचरचं कमिशन 8 टक्क्यांवरून 3 वर आणि किराण्याचं 5 वरून 1 वर आलं. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. दर उतरवायचा तर आधी पुरेशी मुदत द्यायलाच हवी.

गिऱ्हाइकाला खरं सांगण्याची जबाबदारी मात्र ताई आणि कंपनी, दोघांची. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कंपनीला, तसंच शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून ‘या लिंकमधून मला कमिशन मिळतं’ हे ताईने व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगावं, आणि तसं सांगायला कंपनीने तिला बजावावं.